दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती: बाल्कनीपेक्षा दोन घरांमधलं अंतर बघा

दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागा, माटुंग्याचं किंग्ज सर्कल. मुंबईच्या या पट्ट्यात हल्ली कॅमेरा घेऊन फिरणारे बरेच दिसतात. कुणी बाल्कनीचा गोलाकार कठडा टिपतो, कुणी फाटकावरचा लोखंडी उगवता सूर्य, कुणी सिमेंटमध्ये कोरलेलं इमारतीचं नाव. इमारती देखण्या आहेतच, त्यात वाद नाही. पण या वस्तीचं मोठेपण फोटोत धड येत नाही. ते एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत सोडलेल्या जागेत आहे, रस्त्याच्या रुंदीत आहे आणि सगळ्यांनी मिळून पाळलेल्या उंचीत आहे. ही जागा आपोआप सुटलेली नाही. ती मोजून, नियम करून, भाडेपट्ट्यात लिहून सोडलेली आहे आणि तिच्या मुळाशी प्लेगची भीती आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्यांना माणसं मिळेनात, बंदराचा व्यापार अडला. तेव्हा सरकारी डॉक्टर आणि इंजिनिअर यांचा एक ठाम समज होता: रोग दमट, अंधाऱ्या, कोंदट घरांत पैदा होतो. मांडवी, नळबाजार, कामाठीपुरा या भागांतल्या चाळींत एकामागे एक खोल्या होत्या आणि मधल्या खोल्यांना खिडकीच नव्हती. शेजारच्या दोन इमारतींमध्ये सांडपाण्याची गटारगल्ली, तिच्यावरच मोऱ्या आणि संडास उघडणारे. अशा ठिकाणी माणसं पटापट मरत होती, त्यामुळे दोष हवेचाच असं मानणं सोपं होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर मुंबईनं हवा आणि उजेड यांच्यावर आपला डाव लावला होता.

१८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था उभी केली गेली. तिची कामं दोन प्रकारची. एक, दाट वस्ती फोडून समुद्रावरचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच निघाले. दुसरं, शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची. पहिल्या कामाबद्दल बोलताना एक गोष्ट लपवता कामा नये. ट्रस्टनं गरिबांची घरं पाडली त्या मानानं बांधली कमी, आणि ज्यांची घरं गेली ते बहुतेक शेजारच्याच दाट वस्तीत आणखी दाटीनं राहायला गेले. दादर-माटुंग्याची हवेशीर घरं त्यांच्यासाठी नव्हतीच. तिथे आले ते कारकून, शिक्षक, वकील, बँकेतले आणि रेल्वेतले नोकरदार.

दादर-माटुंगा ही ट्रस्टची पाचवी योजना आणि शीव-माटुंगा सहावी. १८९९-१९०० च्या सुमाराला त्या आखल्या गेल्या. मुंबईचं पहिलं नियोजित उपनगर म्हणून हाच भाग ओळखला जातो. दादर-माटुंगा योजनेत सुमारे ४४० एकर जमिनीवर ८५ हजार माणसं वसवायचा बेत होता. जमीन रिकामी पडली होती असं नाही. भातखाचरं होती, ताडामाडांच्या वाड्या होत्या, त्यावर जगणारी माणसं होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं ती ताब्यात घेतली, भराव घातला, गटारं टाकली, रस्ते आखले आणि मगच भूखंड पाडले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आज आपल्या शहरांच्या कडेला आधी इमारती उभ्या राहतात आणि मग वर्षानुवर्षं रस्ता, पाणी, मलनिस्सारण त्यांच्या मागे धावत राहतं. इथे मलवाहिनी आधी आली, माणूस नंतर.

अर्थात माणूस बराच नंतर आला. योजना कागदावर तयार होऊनही पहिल्या महायुद्धापर्यंत काम रेंगाळलं. खरी भर पडली ती १९२० आणि १९३० च्या दशकांत. ट्राम दादरपर्यंत पोहोचली होती. दादर टीटीतला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली लोकल धावली. फोर्टातल्या हपिसात नोकरी करून संध्याकाळी माटुंग्याला घरी येणं आता जमण्यासारखं झालं होतं.

आता त्या नियमाकडे येऊ, कारण सगळी मेख त्यातच आहे.

१९१० च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष होते जे. पी. ऑर. खोलीत पुरेसा उजेड आणि हवा येते की नाही हे डोळ्यांच्या अंदाजानं ठरवायचं नाही, ते मोजता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. तो समजायला सोपा आहे. तळमजल्याच्या खिडकीखाली भिंतीच्या पायाशी उभे आहात असं समजा. तिथून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक सरळ रेषा काढा. या रेषेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त असता कामा नये. हाच आकडा का? कारण या कोनाला उंची ही अंतराच्या दुप्पट भरते. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये किमान २० फूट मोकळी जागा हवी. ४५ अंशांचा हट्ट धरला असता तर उंचीइतकीच, ४० फूट, जागा सोडावी लागली असती आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ती कुणी सोडली नसती. साडेत्रेसष्ट ही तडजोड होती, पण मोजून केलेली तडजोड. सर्वांत खालच्या मजल्यावर राहणाऱ्यालाही खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढी तिची किमान अट होती.

हा नियम मला अतिशय आवडतो, कारण तो श्रीमंताच्या घरापासून सुरू होत नाही. वरच्या मजल्यावर उजेड कुठेही येतो. नियम मोजमापाला सुरुवात करतो ती तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या पायापासून.

त्याच्या जोडीला भाडेपट्ट्याच्या अटी होत्या. ट्रस्ट भूखंड विकत नसे, दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं देत असे. जमिनीची मालकी हातात असल्यानं किती उंच बांधायचं, रस्त्यापासून किती मागे सरायचं, भूखंडाचा किती भाग मोकळा ठेवायचा, हे सगळं करारात घालता येई. आज आपण ज्याला नगररचनेचे नियम म्हणतो, ते काम तेव्हा मालकानं भाडेकरूला घातलेल्या अटी करत होत्या. म्हणून एखाद्या गल्लीत उभं राहून पाहिलं तर तऱ्हेतऱ्हेच्या इमारती असूनही माथ्यांची रेषा सारखी दिसते.

पारशी कॉलनीची कहाणी याच चौकटीतली, पण तिला एका माणसाची जिद्द लाभली. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमध्येच इंजिनिअर होते. बेताच्या मिळकतीच्या पारशी कुटुंबांसाठी त्यांनी १०३ भूखंड राखून घेतले. इमारत दोन मजल्यांहून उंच नको, रस्ते रुंद हवेत, इथपासून कुठल्या रस्त्याला कुठली झाडं लावायची इथपर्यंत त्यांनी आराखड्यात लक्ष घातलं. दादरला राहायला जाणं म्हणजे तेव्हा रानात जाण्यासारखं वाटे. जोशी लोकांच्या मागे लागून त्यांना तिकडे नेत. पाच बागांना आज त्यांचं नाव आहे आणि कॉलनीत त्यांचा पुतळा आहे. एका धर्माच्या लोकांसाठी राखून ठेवलेली वस्ती हा विचार आज अनेकांना खटकेल, मलाही पूर्ण पटत नाही. पण वस्ती म्हणून ती किती नेटकी आखली आहे हे नाकारता येत नाही. घरं आहेत, शाळा आहे, जिमखाना आहे, अग्यारी आहे, आणि या सगळ्यांच्या मधोमध बागा आहेत. कुठल्याही घरातून म्हातारं माणूस चालत बागेत पोहोचेल इतक्या अंतरावर.

हिंदू कॉलनी आणि माटुंगा यांची घडण थोडी वेगळी झाली. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेले नोकरदार स्थिरावले. त्यांची देवळं आली, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी आली. व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज १९२३ मध्ये माटुंग्याला हललं, रुईया कॉलेज १९३७ चं. मराठी, गुजराती, कच्छी, तमिळ अशी सरमिसळ होत गेली.

ट्रस्टच्या मनात सुरुवातीला स्वतंत्र बंगले आणि बागा असलेलं उपनगर होतं. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या दोन-तीन मजली भाड्याच्या इमारती, एका मजल्यावर दोन किंवा चार बिऱ्हाडं. बंगला परवडणारा मध्यमवर्ग मुंबईत होताच किती! आणि इथेच मुंबईच्या घरांत एक मोठा बदल झाला, ज्याच्याकडे बाल्कनी बघणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही. चाळीत मोरी आणि संडास सामायिक, मजल्याच्या टोकाला. नव्या ब्लॉकमध्ये ते घराच्या दाराआड आले. आज यात नवल वाटत नाही. तेव्हा मात्र सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना स्वयंपाकघर असलेल्या छपराखालीच संडास ही कल्पना सहन होत नव्हती. तोड काढली गेली ती नकाशात. संडास ब्लॉकच्या अगदी मागच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून शक्य तितका दूर. आणि सफाई कामगारानं घरातून जाऊ नये म्हणून इमारतीच्या पाठीमागे त्याच्यासाठी वेगळा जिना.

जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला गेलात तर तो आजही दिसेल. ओतीव लोखंडाचा, मध्ये एक खांब आणि त्याभोवती वेटोळं घेत चढणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या अरुंद पायऱ्या. प्रत्येक मजल्यावर तो एका लहानशा दारापाशी थांबतो. पुढचा जिना रुंद, लाकडी किंवा लादीचा, वळणदार कठड्याचा. मागचा इतका अरुंद की बादली घेऊन चढणाऱ्याला अंग चोरून चढावं लागे. जातिव्यवस्था इमारतीच्या नकाशात कशी उतरते हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी वस्तू मला या भागात दिसलेली नाही. याच हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजगृह बांधलं, आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाला जागा मिळावी म्हणून. या वस्तीचा वारसा सांगताना गोल बाल्कनीइतकाच मागचा जिना आणि राजगृह हेही सांगितलं पाहिजे.

आता दर्शनी भागाकडे वळू. एखादी इमारत १९२० च्या आसपासची की १९३५ नंतरची, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: भार कोण पेलतंय?

आधीच्या इमारतींत भार विटांच्या भिंती पेलतात. म्हणून भिंती जाड आणि खिडक्या उभट. खिडकीवर खिडकी अशी बरोबर एका रेषेत, कारण मधली भिंत वरपासून खालपर्यंत सलग उतरली पाहिजे. छत लोखंडी गर्डर किंवा सागवानी तुळयांवर. बाल्कनी लाकडी, तिला खालून नक्षीदार घोडे, म्हणजे आधाराचे टेकू, दिलेले. माथ्यावर उतरतं मंगलोरी कौल. सजावट जुन्या युरोपीय वळणाची, म्हणजे कमानीच्या मधोमध उठून दिसणारा दगड, भिंतीला चिकटलेले अर्धे खांब. पारशी इमारतींवर कधी फरोहर, म्हणजे पारशी धर्माचं पंख पसरलेलं चिन्ह.

मग सळई घातलेलं काँक्रीट आवाक्यात आलं. सिमेंट देशात बनू लागलं होतं; १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब आणि तुळया घेतात, भिंत नुसती आडोसा. त्यामुळे पूर्वी अशक्य असलेल्या गोष्टी जमू लागल्या. भिंतीचा कोपरा हा विटांच्या घराचा सगळ्यात मजबूत भाग, तिथे भोक पाडणं म्हणजे वेडेपणा. आता चक्क कोपऱ्यातच खिडकी आली. बाल्कनी खालच्या आधाराशिवाय बाहेर झेपावली आणि वळणावर गोल फिरली. कौल गेलं, सपाट गच्ची आली.

याच सुमाराला पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनातून जगभर पसरलेली एक नवी शैली मुंबईत पोहोचली. तिला पुढे आर्ट डेको हे नाव पडलं. वेग, जहाजं, विमानं, विजेची यंत्रं यांचं त्या पिढीला वाटणारं आकर्षण त्या शैलीत भरलेलं आहे. बाल्कनीच्या कठड्यावरून आडव्या पळणाऱ्या तीन समांतर रेघा, जहाजाच्या खिडकीसारखी वाटोळी भोकं, जिन्याच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला मनोरा, जिन्याला उजेड देणारी उभी काचेची पट्टी, जाळीत उगवता सूर्य. पण मुंबईच्या वास्तुरचनाकारांनी ती जशीच्या तशी उचलली नाही. उदाहरण म्हणून खिडकीवरचा छज्जा बघा. खिडकीच्या रुंदीपुरता न राहता तो कोपऱ्यावरून वळून पुढच्या खिडकीपर्यंत सलग जातो. दुरून ती नुसती सुरेख आडवी रेषा वाटते. जवळ जाऊन खालून पाहिलं तर छज्जाच्या पुढच्या कडेलगत एक बारीक खाच दिसते. पावसाचं पाणी कडेवरून खालच्या बाजूनं भिंतीकडे सरकू लागलं की या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं, त्यामुळे भिंत कोरडी राहते. चार महिने आडवा पाऊस झेलणाऱ्या गावात ही बोटभर खाच नक्षीपेक्षा मोलाची आहे.

हे काम करणारे बहुसंख्य भारतीय होते, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल करणारे गजानन बाबुराव म्हात्रे यांचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं आणि ते बघायला लोकांची रीघ लागली. नवं घर कसं असावं याची हौस मध्यमवर्गात किती होती ते यावरून कळतं. पायाखालच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्याही स्वदेशीच्या भावनेतून मुंबईत बनू लागल्या होत्या. भारत टाइल्स १९२२ ची.

पश्चिमेला शिवाजी पार्कभोवतीही याच काळात याच वळणाच्या इमारती उभ्या राहिल्या. मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. तिथे मोकळी जागा मध्ये आणि घरं कडेनं, इतकाच फरक.

१९३३ मध्ये ट्रस्टचं काम महापालिकेत विलीन झालं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना त्यानं मोठं संरक्षण दिलं, पण दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना आणि मालकांनी हात काढून घेतला. काँक्रीटला खाऱ्या हवेचा त्रास वेगळाच. आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. विटांच्या इमारतींची गत उलटी. त्यांना चुन्याचा गिलावा होता, तो ओल बाहेर सोडतो. दुरुस्तीत त्यावर सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि भिंत आतून सडते. चांगल्या हेतूनं केलेल्या अशा दुरुस्त्यांनी बऱ्याच इमारतींचं नुकसान झालेलं आहे.

मग पुनर्विकास येतो. इथे राहणाऱ्या लोकांना दोष देणं मला जमत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या माणसानं राहायचं, छताचे पोपडे अंगावर झेलायचे आणि वारसा म्हणून टाळ्या वाजवायच्या, ही अपेक्षा निष्ठुर आहे. अडचण गणितात आहे. शहर बेटावरची ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची भाड्याची जुनी इमारत साधारणपणे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, गणली जाते आणि तिच्या पुनर्विकासाला ३ किंवा त्याहून जास्त चटई क्षेत्र निर्देशांक मिळू शकतो. म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट बांधकाम. जुन्या इमारतीनं भूखंडाचा समजा ४० टक्के भाग व्यापला असेल आणि ती तीन थरांची असेल, तर तिचा हिशेब भरतो १.२ पट. उरलेलं सगळं वर चढतं. आता ऑर यांचा नियम लावून बघा. २३० फुटी टॉवरभोवती शेजाऱ्यापर्यंत ११५ फूट जागा लागेल. प्रत्यक्षात अशा पुनर्विकासाला मोकळ्या जागेच्या अटींत सवलत मिळते, त्यामुळे टॉवर शेजारच्या दोन मजली इमारतीपासून काही पावलांवर उभा राहतो. खाली गाड्यांसाठी पाच-सहा मजल्यांचा चौथरा, म्हणजे रस्त्याच्या पातळीवर घराऐवजी भिंत. एका टॉवरनं गल्ली मरत नाही. पण शेजारच्या तळमजल्याचं आकाश जातं, तिथला माणूस दिवसा दिवा लावू लागतो आणि मग त्यालाही पुनर्विकास हवासा वाटतो.

२०१२ मध्ये पालिकेनं वारसा यादीचा जो विस्तार मांडला, त्यात शिवाजी पार्क आणि दादरच्या या वसाहती परिसर म्हणून होत्या. रहिवाशांकडून मोठा विरोध झाला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती. यादीत नाव आलं की निर्बंध येतात, पैसे येत नाहीत. माझ्या मते आपण यादीत चुकीची गोष्ट घालायला बघतो. एकेक दर्शनी भिंत जपण्याची सक्ती करून मागे टॉवर उभारू दिला तर हाती फक्त देखावा राहतो. त्यापेक्षा गल्लीच्या माथ्याची रेषा आणि दोन इमारतींमधलं अंतर कायद्यानं पक्कं करा, आत लिफ्ट बसवू द्या, खोल्या बदलू द्या, मोडकी इमारत त्याच मापात नवी बांधू द्या. न वापरलेल्या चटई क्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद मुंबईत वारसा इमारतींसाठी आधीच आहे. ती एकेका इमारतीऐवजी संपूर्ण गल्लीला एकत्र मिळाली आणि त्या पैशावर दुरुस्ती बंधनकारक झाली, तर रहिवाशाला घर आणि वस्ती यांतलं एक निवडायची वेळ येणार नाही.